संशयाचा फायदा कोणाला? : एका निवाड्याचे आणि एका नाटकाचे वाचन

१

न्यायालयाचा निवाडा ही साहित्यकृती नव्हे. त्याच्यामागे राज्यसंस्थेचे बळ असते आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदावर एखाद्या माणसाचे तुरुंगात जाणे वा सुटणे अवलंबून असते. तरीही निवाडा ही एक संहिता आहे. तिच्यात निवेदक असतो, त्याने केलेली घटनांची निवड आणि जुळणी असते, पात्रांच्या स्वभावाविषयीची अनुमाने असतात, आणि अमुक परिस्थितीत माणूस कसा वागतो यासंबंधीची, बहुधा न सांगितलेली, काही गृहीतके असतात. साहित्याच्या अभ्यासकाला ही सामग्री ओळखीची आहे. कायद्याच्या क्षेत्रात उपऱ्यासारखे शिरण्याचा दोष पत्करून या लेखात एका निवाड्याचे वाचन करावयाचे आहे, ते एवढ्याच आधारावर.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बहुधा तिसरा साक्षीदार नसतो. दोन कथने समोरासमोर उभी राहतात आणि न्यायाधीशाला त्यांचा वाचक व्हावे लागते. अशा वेळी आपल्याकडील चर्चेत दोन सूत्रे परस्परांविरुद्ध उभी केली जातात. आरोपी दोषी ठरेपर्यंत त्याला निर्दोष मानावे, हे एक. स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे दुसरे. पहिले सूत्र मानणारा स्त्रीविरोधी ठरतो आणि दुसरे मानणारा न्यायविरोधी. हा विरोध ज्या रूपात मांडला जातो त्या रूपात तो खरा नाही, असे मला वाटते. ज्या निवाड्यांमुळे निर्दोषत्वाचे गृहीतक बदनाम झाले, त्यांत बहुधा हे गृहीतक अतिरेकाने पाळले गेले नव्हते. ते मोडले गेले होते. फक्त ते आरोपीच्या बाबतीत मोडले गेले नसल्याने कोणाच्या ध्यानात आले नाही.

हे विधान स्पष्ट करण्यासाठी कायद्यातल्याच एका वर्गीकरणाचा आधार घेता येतो. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात वस्तुस्थितीच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या : शाबीत झालेली, खोटी असल्याचे शाबीत झालेली, आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. हे त्रिविध वर्गीकरण मात्र तिथेही कायम आहे. यातली तिसरी अवस्था तात्त्विकदृष्ट्या विलक्षण आहे. ती आपल्या अज्ञानाची कबुली आहे. घडले की नाही, हे आम्हांला पुरेशा खात्रीने सांगता येत नाही, एवढेच ती म्हणते. संशयाचा फायदा देऊन केलेली सुटका या तिसऱ्या अवस्थेवर उभी असते. अशी सुटका घटनेचे पर्यायी कथन रचत नाही. कथन रचण्यास ती नकार देते. समीक्षक संहितेचा अर्थ अनिर्णित ठेवू शकतो, न्यायाधीशाला ती मुभा नाही, निर्णय हा द्यावाच लागतो. अनिर्णायकता कबूल करूनही निर्णय देण्याची सोय म्हणजे निर्दोषत्वाचे गृहीतक.

२

२६ मार्च १९७२च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात जे घडले, त्यासंबंधीचा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने विधिग्रंथांत नोंदलेला आहे. लोकांत आणि चळवळीत तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. ते नाव मी इथे लिहीत नाही. या खटल्याच्या परिणामी १९८३ साली जी दुरुस्ती झाली, तिनेच पीडितेची ओळख उघड करण्यास बंदी घातली. आणि तरीही ज्या मुलीमुळे ही बंदी आली, तिचे नाव त्या बंदीच्या आश्रयाला कधी आले नाही.

ती आदिवासी, आईवडील लहानपणीच गमावलेली, भावाबरोबर राहून मजुरी करणारी. वैद्यकीय तपासणीने तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितले. भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली म्हणून सर्वांना ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि तिला मागे ठेवण्यात आले. एका शिपायाने ठाण्याच्या आवारातच बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केला, असा आरोप होता. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवून शिपायाला पाच वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांची मुक्तता केली.

या तीन निवाड्यांकडे एकाच घटनेची तीन वाचने म्हणून पाहता येते. सत्र न्यायालयाने शरीरसंबंध आणि बलात्कार यांत भेद केला, तो योग्यच होता. पण तिथे न थांबता त्याने मुलीला पूर्वीच्या शरीरसंबंधांची सवय असल्याचे नोंदवले, तिला खोटारडी ठरवले आणि तिने संमती दिली होती असा निष्कर्ष काढला. उच्च न्यायालयाने दुसरा भेद पुढे आणला : संमती वेगळी आणि निमूटपणे शरण जाणे वेगळे. आरोपी तिला परके होते, तेव्हा पुढाकार तिचा असणे असंभाव्य होते. आणि पोलीस ठाण्यात, तक्रारीच्या चौकशीसाठी आणलेल्या मुलीने पोलिसाला विरोध न करणे याचा अर्थ होकार असा होत नाही, असे त्या न्यायालयाने पाहिले. या वाचनात प्रथमच स्थळ बोलू लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात ते पुन्हा मुके होते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हेड कॉन्स्टेबलच्या बाबतीत मुलीच्या पहिल्या फिर्यादीत आणि न्यायालयातील साक्षीत तफावत होती. आधी त्याच्यावर ठेवलेली गंभीर कृत्ये तिने साक्षीत दुसऱ्यावर ठेवली होती. तिथे संशय रास्त होता आणि त्याचा फायदा आरोपीला मिळणेही रास्त होते. पण शिपायाच्या बाबतीत युक्तिवादाची चाल बदलते. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिने प्रतिकार केल्याचे तिचे म्हणणे खोटे, प्रतिकार नव्हता म्हणून जे घडले ते बळजबरीविना घडले, म्हणून संमती. यातली पहिली पायरी फार तर तिसऱ्या अवस्थेपर्यंत, म्हणजे प्रतिकार शाबीत झाला नाही इथपर्यंत, पोहोचते. पुढची प्रत्येक पायरी आणखी एका न दिसलेल्या घटनेचे कथन करते. 'शाबीत झाले नाही'पासून 'ती खोटे बोलली'पर्यंत आणि तिथून 'तिने संमती दिली'पर्यंतचा हा प्रवास पुराव्याने झालेला नाही. कथनाच्या लोभाने झालेला आहे.

३

या लोभाला बळ कशाने मिळते? साहित्यशास्त्रात ज्याला आपण संभवनीयता म्हणतो, तिने. जे घडले ते नव्हे, तर जे घडणे वाचकाला पटते ते, हा संभवनीयतेचा निकष आहे. आणि 'पटणे' हे वाचकाच्या समाजात आधीच प्रचलित असलेल्या कथांवर अवलंबून असते. कोणी अचानक हात धरला तर मुलीची स्वाभाविक प्रतिक्रिया हात झटकून ओरडण्याची असेल, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. ती ओरडली नाही याचा अर्थ त्याने त्यावरून लावला. 'स्वाभाविक' हा शब्द इथे पुराव्याचे काम करतो. परंतु हा स्वभाव कोणाचा? रात्री साडेदहानंतर, ठाण्याच्या आत, गणवेशातल्या माणसाने हात धरला असता अल्पवयीन आदिवासी मजूर मुलगी काय करते, याचे ज्ञान त्या वाक्यात नाही. त्यात आहे ती सुरक्षित घरातल्या, ओरडल्यावर कोणीतरी धावून येईल याची खात्री असलेल्या स्त्रीची प्रतिमा. म्हणजेच एका वर्गाची संभवनीयता सार्वत्रिक स्वभाव म्हणून वावरते.

सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्राचे महत्त्व या संदर्भात पाहावे. संमतीत शरण जाणे येते, पण शरण जाण्यात संमती येतेच असे नाही, हा त्यांचा मुद्दा तर्काचा होता. त्याहून खोल मुद्दा वाचनाचा होता : मुलीचे वय, तिचे दारिद्र्य, ठाणे, रात्र, हे सारे संहितेत असूनही निवाड्याने ते वाचले नाही. समीक्षकाच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा आक्षेप संदर्भ गाळून केलेल्या वाचनाला होता. आरोपीला निर्दोष का मानले, असा तो आक्षेप नव्हता.

४

या घटनेच्या पाच वर्षे आधी, १९६७ साली, विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले. त्याची चर्चा बहुधा स्त्रीच्या शोषणाचे, मध्यमवर्गीय दांभिकतेचे नाटक म्हणून झाली. निर्दोषत्वाचे गृहीतक गेल्यावर न्यायालयाचे काय होते, याचा तो एक प्रयोग आहे, असेही ते वाचता येते.

खेळातल्या त्या न्यायालयात लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो तो आधी, आणि पुरावा शोधला जातो तो नंतर. अभियोगाचा आणि बचावाचा, दोन्ही वकील एकटे सुखात्मेच. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदार होतात. सामंत तर वाचत असलेल्या कादंबरीतला मजकूरच साक्ष म्हणून सांगतो. कादंबरीतले कथन आणि न्यायालयातली साक्ष यांच्यातली सीमा पुसली जाते, आणि ती पुसली गेल्याचे कोणाला खटकत नाही, कारण ती कथा सर्वांना आधीच पटलेली असते. प्राध्यापक दामले मंचावर येतच नाही. बेणारेचे दीर्घ स्वगत होते तेव्हा इतर पात्रे थिजलेली असतात. म्हणजे प्रेक्षकाला जे ऐकू येते ते न्यायालयाच्या दप्तरात जात नाही.

नाटक आणि निवाडा शेजारी ठेवले की एक साम्य ठळक होते. बेणारे आरोपी आहे, देसाईगंजची मुलगी फिर्यादी. तरी दोघींच्या विरुद्ध वापरलेली सामग्री तीच, पूर्वचारित्र्य आणि प्रचलित कथा. कायदेशीर स्थान उलट असूनही स्त्री दोन्हीकडे आरोपीच्याच पिंजऱ्यात उभी राहते. पण याचा एक दुसरा निष्कर्षही आहे आणि तो स्त्रीवादी समीक्षेने टाळू नये. बेणारेला ज्या गोष्टीची गरज होती ती सहानुभूती नव्हती. ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे, न्यायाधीश साक्षीदार होऊ शकत नाही, शाबीत होईपर्यंत आरोप हा आरोपच असतो, या नियमांची तिला गरज होती. हे नियम आज एखाद्या पुरुष आरोपीला लाभतात म्हणून ते पुरुषी ठरत नाहीत. ज्या न्यायालयात ते नसतात तिथे सर्वांत आधी कोण भरडले जाते, हे तेंडुलकरांनी दाखवून ठेवले आहे.

५

कायद्याने स्वतः काय केले? १९८३च्या दुरुस्तीने पुरावा अधिनियमात ११४-अ हे कलम आणले. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग वा रुग्णालयाचे कर्मचारी अशा ताब्यातून झालेल्या बलात्काराच्या विशिष्ट खटल्यांत, शरीरसंबंध शाबीत झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, अशी ती तरतूद. शरीरसंबंध शाबीत करण्याचा भार अभियोगावरच राहिला आणि आरोपीला ते गृहीतक खोडून काढण्याची मोकळीक राहिली. ठाण्याच्या चार भिंतींत सत्ता कोणाकडे होती, हे पाहून संशयाची वाटणी केली गेली. निर्दोषत्वाचे तत्त्व रद्द केले गेले नाही. २००२च्या दुरुस्तीने स्त्रीच्या सर्वसाधारण चारित्र्यावरून तिची साक्ष खोडण्याची मुभा काढली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणाने संमती मानू नये, हे २०१३ साली व्याख्येतच लिहिले गेले. १९७८च्या युक्तिवादाच्या एकेका पायरीला कायद्याने दिलेली ही उत्तरे आहेत.

निवाड्यांनीही दोन्ही बाजू पाहिल्या. पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग (१९९६) या खटल्यात पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला अन्य दुजोऱ्याची अट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००८) यात त्याच न्यायालयाने खोट्या आरोपाने आरोपीलाही तितकीच अप्रतिष्ठा सोसावी लागते, तेव्हा प्रत्येक साक्ष डोळे झाकून स्वीकारता येणार नाही, असे बजावले. ही विधाने एकमेकांना खोडत नाहीत. पहिले साक्षीला लायकीचे स्थान देते, दुसरे ती वाचण्याची जबाबदारी कायम ठेवते.

पण व्याख्या बदलली म्हणून वाचन बदलतेच असे नाही. २०२१ साली म्हापसा येथील सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडले. तपासातील त्रुटी, विशेषतः कॅमेऱ्यांच्या चित्रणाबाबतची हेळसांड, हे त्यातले कारण पुराव्याच्या कक्षेतले होते. त्याच निवाड्यात घटनेनंतर तक्रारदार स्त्री पीडितेला साजेशी वागली नाही, अशीही चर्चा होती. राज्याने त्याविरुद्ध अपील केले. आरोपी दोषी की निर्दोष, हे इथे ठरवायचे नाही आणि आपल्याला ते ठरवता येणार नाही. दाखवायचे एवढेच की पुराव्यातील उणीव हे मुक्ततेला पुरेसे कारण असताना निवेदकाला स्त्रीच्या वर्तनाचे कथन लागतेच. चार दशकांनंतरही 'साजेसे' हा शब्द 'स्वाभाविक'चे काम करतो आहे.

तेव्हा विश्वास आणि गृहीतक यांतला विरोध कुठे सुटतो? फिर्याद नोंदवताना, तपास करताना, साक्ष ऐकताना स्त्रीचे म्हणणे खरे असू शकते असे मानून चालणे ही वाचकाची पहिली नीती आहे. तिच्याविना पुरावाच गोळा होत नाही, आणि गोळा न झालेल्या पुराव्याचा फायदा शेवटी आरोपीलाच मिळतो. शिक्षा देताना खात्रीची मागणी करणे ही दुसरी नीती. पहिली पाळली नाही तर दुसरी ढोंग ठरते. दुसरी सोडली तर आपण काशीकरांच्या कोर्टात जाऊन बसतो.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाला वाचन चुकूनही मुक्तता देता आली असती. उच्च न्यायालयाचे वाचन मला अधिक समर्थनीय वाटते. तरी असंमती शाबीत करण्याचा भार तेव्हा अभियोगावर होता आणि तो पेलला गेला नाही असे एखाद्या न्यायाधीशाला प्रामाणिकपणे वाटणे अशक्य नव्हते. तसे असते तर निवाड्याला एक वाक्य पुरले असते : आरोप शाबीत झाला नाही. त्या वाक्याने आरोपी सुटले असते आणि ती मुलगी खोटी ठरली नसती. न्यायालय तिथे थांबले नाही. नाटकाचा खेळ संपल्यावर मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात आणि बेणारे मंचावर तशीच पडून राहते. देसाईगंजच्या मुलीवर मात्र कोणताही आरोप नव्हता.