हॉजकिन-हक्सले समीकरणे : वर्णन की स्पष्टीकरण?

ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले यांचे पाच निबंध १९५२ साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या निबंधात बर्नार्ड कॅट्झ यांचाही सहभाग होता. मज्जातंतूतील विद्युत्-आवेगाचे कोडे या निबंधांनी सोडविले, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि १९६३ च्या नोबेल पारितोषिकाने या मताला मान्यता लाभली. परंतु कोडे सोडविले म्हणजे नेमके काय केले? एखाद्या घटनेचे अचूक वर्णन करणे आणि तिचे कारण सांगणे या दोन भिन्न गोष्टी होत. या कार्याचे मूल्यमापन करताना हा भेद बहुधा दृष्टीआड होतो आणि त्यामुळे मूळ लेखकांवरच अन्याय होतो.

या प्रश्नाची पूर्वपीठिका ध्यानात घेणे अवश्य आहे. विश्रांतावस्थेत पेशीपटल केवळ पोटॅशियम आयनांना पारगम्य असते व उत्तेजनाच्या क्षणी ही निवडक्षमता लोपून पटलावरील विभव शून्यावर येतो, असा सिद्धान्त यूलिउस बर्नस्टाइन यांनी १९०२ मध्ये मांडला. सोडियमविरहित द्रवात बेडकाचा स्नायू उत्तेजनक्षमता गमावतो, हे ओव्हर्टन यांनी त्याच वर्षी दाखविले होते. पण या दोन गोष्टींची सांगड घातली गेली नाही. १९३९ मध्ये प्लिमथ येथे हॉजकिन व हक्सले यांनी स्क्विड या माकूळवर्गीय सागरी प्राण्याच्या, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूत विद्युदग्र घातले. तेव्हा विभव शून्याशी न थांबता धन बाजूस बराच वर जातो असे आढळले. केवळ निवडक्षमता लोपल्याने असे घडणे शक्य नव्हते. महायुद्धामुळे काम खंडित झाले. पुढे १९४९ मध्ये हॉजकिन व कॅट्झ यांनी बाहेरील द्रवातील सोडियम कमी केले असता आवेगाचे शिखर खाली येते, हे सिद्ध केले. या तंतूच्या आत पोटॅशियम विपुल व सोडियम अल्प असते. बाहेर याच्या उलट स्थिती असते. पटल क्षणभर सोडियमला खुले झाले की सोडियम आत शिरून आतील बाजू धन होते, आणि नंतर पोटॅशियम बाहेर पडल्याने विभव पूर्वपदावर येतो.

येथवरचे विवेचन गुणात्मक होते. खरी अडचण पुढेच होती. पारगम्यता विभवावर अवलंबून आणि विभव पारगम्यतेवर, असे हे चक्र होते. विभव इष्ट पातळीवर स्थिर राखण्याची, कोल व मार्मंट यांनी १९४७ मध्ये सिद्ध केलेली पद्धती वापरून ते भेदले गेले. सोडियमच्या जागी कोलीन घालून दोन्ही आयनांचे प्रवाह वेगळे करण्यात आले. त्यांवरून सोडियमची संवाहकता m³h व पोटॅशियमची n⁴ या राशींच्या प्रमाणात बदलते, अशी समीकरणे बसविण्यात आली. केंब्रिजचा विद्युत्-गणक त्या वेळी उपलब्ध नसल्याने हक्सले यांनी हाताने फिरवावयाच्या यंत्रावर ती सोडविली. आवेगाचा वेग सेकंदास १८·८ मीटर निघाला. प्रत्यक्ष मोजलेला वेग २१·२ मीटर होता. समीकरणांतील स्थिरांक धावत्या आवेगावरून घेतलेले नव्हते. ते विभव जखडून ठेवलेल्या प्रयोगांतून आलेले होते. म्हणूनच हे भाकीत ठरते, आणि या कार्याचे खरे बळ येथे आहे.

परंतु घातांकांची गोष्ट निराळी आहे. पोटॅशियम-प्रवाहाचा आरंभ मंद असतो. तो चौथ्या घाताने बऱ्यापैकी जुळतो, म्हणून चौथा घात घेतला गेला. पाचव्या वा सहाव्या घाताने मेळ अधिक चांगला बसला असता, परंतु वाढणाऱ्या गुंतागुंतीच्या मानाने तो लाभ थोडा होता, हे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे. समीकरणांचे यश हा त्यांच्यामागील भौतिक चित्राचा पुरावा नव्हे, असा इशाराही त्यांनी दिला. पुढील पाठ्यपुस्तकांनी मात्र पटलात तीन m-कण व एक h-कण बसविले आणि सोयीसाठी निवडलेल्या अंकांना वस्तूंचे रूप दिले.

उत्तरकालीन संशोधनाचा कौल संमिश्र आहे. विभव बदलताच पटलातील भारित घटक हलले पाहिजेत, ही अपेक्षा आर्मस्ट्राँग व बेझानिल्ला यांनी १९७३ मध्ये द्वारप्रवाह मोजून खरी ठरविली. पोटॅशियम-मार्ग चार उपघटकांचा असतो, हे n⁴ शी जुळते. पण सोडियम-मार्गाचेही चार समरूप विभाग १९८४ मध्ये आढळले. मग तिसरा घात कोठून आला? कोल व मूर यांना तर १९६० मध्येच, विश्रांतिविभव आधी पुष्कळ खाली नेल्यास, पोटॅशियम-प्रवाहाच्या वर्णनासाठी पंचविसावा घात घ्यावा लागला होता. m व h परस्परनिरपेक्ष आहेत हे गृहीतकही टिकले नाही. सोडियम-मार्ग बंद पडणे हे तो उघडण्याशी निगडित असते, असे १९७७ मध्ये दिसून आले. एकेका मार्गाचे प्रवाह मोजणे नेहेर व साकमान यांच्या १९७६ मधील पद्धतीने शक्य झाले. तेव्हा मार्ग एकाएकी उघडतात व मिटतात असे दिसले. १९५२ चे सलग वक्र ही असंख्य मार्गांची सरासरी होती.

व्याप्तीचीही मर्यादा आहे. सशाच्या मायलिनवेष्टित तंतूंतील रॅन्व्हिअर-संधींत पोटॅशियम-प्रवाह जवळजवळ नसतोच, असे १९७९ मध्ये आढळले. तेथे सोडियम-मार्ग मिटणे व गळती-प्रवाह एवढ्यानेच विभव पूर्ववत होतो. 'सोडियम आत, पोटॅशियम बाहेर' हे सूत्र प्रत्येक तंतूचा नियम म्हणून शिकविणे त्यामुळे सदोष ठरते.

यावरून ही समीकरणे कालबाह्य झाली असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा दोष होईल. आवेगाचा आकार, उंबरठा आणि वेग यांचा हिशेब ती आजही देतात. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दावा त्यांनी केला, ते उत्तर त्यांनी दिले. ज्याचा दावा केला नाही, ते त्यांच्या नावावर नंतर घालण्यात आले. आपल्या वक्राचा प्रयोगाशी मेळ बसल्यावर त्यातून किती निष्कर्ष काढावा, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासकापुढे येतो. त्या प्रसंगी पाचव्या निबंधातील समीकरणांइतकाच त्याच्या अखेरीस दिलेला इशाराही वाचला जावा.