कार्यरत पाळकांचें उच्च शिक्षण : एका जुन्या वादाची चिकित्सा

कोल्हापुरांत अमेरिकन मिशनचें काम रे. रॉयल गोल्ड वाइल्डर यांनीं १८५२ सालीं सुरू केलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु वाइल्डर व अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांच्या मतभेदाकडे केवळ शाळांविषयींचा तंटा म्हणून पाहण्याचा प्रघात आम्हांस अपुरा वाटतो. एतद्देशीय पाळकास विद्या किती व कोणत्या भाषेंतून मिळावी, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं होता. आणि तो अद्याप सुटलेला नाहीं.

अँडरसन १८५४-५५ मध्यें हिंदुस्थानांत आले. देशी भाषेंतून उपदेश व्हावा, खेड्यांतील मंडळीस तिच्यांतलाच पाळक असावा, असें त्यांचें धोरण होतें. इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यांत टिकत नाहीं, ही त्यामागील भीति निराधार नव्हती. वाइल्डर यांनीं १८६१ सालीं मिशन-शाळांच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. बोर्डाशीं संबंध तुटल्यावरही त्यांनीं कोल्हापूर सोडलें नाहीं. १८७० मध्यें तें मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलें.

दोन्हीं पक्षांची तुलना करतां आमचा कल वाइल्डर यांच्याकडे आहे. कारण खेड्याच्या पाळकास थोडी विद्या पुरे, असें एकदां ठरलें कीं तो सदैव परक्याच्या देखरेखीखालींच राहावयाचा. तथापि वाइल्डर यांचा विचारही मुलांच्या शाळेपाशीं थांबतो. मंडळी सांभाळीत असलेल्या चाळिशींतील मनुष्यानें पुढें कसें शिकावें, याचें उत्तर त्या वादांत मिळत नाहीं.

प्रत्यक्ष इतिहास मात्र दोघांच्याही सिद्धांतांस मुरड घालतो. बेळगांवचे बाबा पदमनजी मिशनच्या इंग्रजी शाळांत शिकले, १८५४ मध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तीनच वर्षांनीं त्यांनीं ‘यमुनापर्यटन’ मराठींत लिहिलें. इंग्रजीनें त्यांस स्वभाषेपासून तोडलें नाहीं. उलट रे. नारायण वामन टिळकांपाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी ते अहमदनगरच्या सेमिनरींत अध्यापक होते, व अभंग-कीर्तनांस त्यांनीं उपासनेंत स्थान मिळवून दिलें. दोघांचाही व्यासंग सेवेबरोबरच चालला. अर्थात् अशा असामान्य पुरुषांवरून सामान्य नियम बांधतां येत नाहीं. सामान्य पाळकास संस्थेचा आधार हवाच.

असा आधार आज अगदींच दुर्मिळ नाहीं. श्रीरामपूर (बंगाल) येथील १८१८ च्या कॉलेजास डेन्मार्कच्या राजाची सनद १८२७ मध्यें मिळाली, व १९१८ च्या कायद्यानें त्याची घटना नव्यानें ठरली. १९५३ सालीं यवतमाळास निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्यें पुण्यास आली. परंतु अंतर केवळ मैलांचें नसतें. वरच्या पदव्यांचा अभ्यास मुख्यतः इंग्रजींतून चालतो. आणि कोल्हापूरचा पाळक वर्ष-दोन वर्षें वसतिगृहांत राहिला, तर त्याच्या मंडळींतील रोग्यास कोणीं भेटावें व मयतास कोणीं उभें राहावें? ग्वाटेमालांतील प्रेस्बिटेरियन सेमिनरीनें १९६३ सालीं अध्यापकांसच पाळकांच्या गांवीं धाडण्याची रीत काढली. कोल्हापूरच्या मंडळ्यांचा पूर्ववारसा प्रेस्बिटेरियन असल्यानें हें उदाहरण येथें विशेष विचारार्ह आहे.

आमची सूचना एवढीच कीं, अशा पाळकाच्या प्रबंधाचा विषय त्याच्याच मंडळींतून घ्यावा, व प्रबंध मराठींत लिहूं द्यावा. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या, सभांचीं टिपणें, वृद्धांच्या आठवणी हीं साधनें बाहेरच्या संशोधकापेक्षां त्याच्या हातास लवकर लागतात. कपाटाची किल्ली त्याच्यापाशीं असते, आणि कोणतें घराणें कोणत्या गांवाहून आलें हें त्यास ठाऊक असतें. पोथीशास्त्राचे नियम व नोंदी पारखण्याची रीत त्यास शिकवावी. तें काम सेमिनरी व आमच्यासारखीं संशोधन-मंडळें मिळून करूं शकतील. मिशनऱ्यांचीं पत्रें अमेरिकेंत जपून ठेवलेलीं आहेत. एतद्देशीय मंडळीच्या वह्यांस मात्र दर पावसाळ्यांत कसर लागते. त्या वाचणारा पाळक तयार होण्यापूर्वींच त्या नष्ट झाल्या, तर हा इतिहास यापुढेंही एकाच बाजूच्या कागदांवरून लिहिला जाईल.