पंक्तिप्रपंच आणि नामांकित ताट

पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्या बोलण्यातून आता जवळजवळ गेला आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी वजनदार पाहुण्याच्या पानावर तुपाची धार लांबवायची आणि कडेला बसलेल्याच्या भातावर तूप नुसते दाखवायचे, या वागण्याला हे नाव होते. असे वाढणाऱ्याला दोष लागतो अशी समजूतही होती. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्याबरोबर माळव्यात आणि गुजरातेत येऊन राहिलेल्या घरांचा स्वयंपाक बदलला, जेवणाच्या वेळा बदलल्या, बोलीही बदलली. परंतु वाढताना डावे-उजवे करू नये हा दंडक टिकला, आणि मोडलाच तर त्याची लाज वाटत असे. पंगतीत मुळात कोणाला बसू द्यायचे, याबाबत आपल्या समाजाने केलेला अन्याय हा निराळा आणि याहून मोठा विषय आहे. तो विसरून या दंडकाचा अभिमान मिरवता येणार नाही. तरीही जेवणाऱ्याच्या अपेक्षाभंगाविषयी बोलताना हा शब्द आम्हाला फार उपयोगी वाटतो.

तो आठवण्याचे निमित्त मात्र बरेच दूरचे आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकात भोजनगृहांची जी परीक्षणे येतात, त्यांतील काही गाजलेली परीक्षणे आम्ही अलीकडे ओळीने वाचली. वाङ्मयप्रकार म्हणून त्यांचा विचार व्हावा अशी त्यांची योग्यता आहे. क्रेग क्लेबर्न १९५७ मध्ये त्या पत्राच्या खाद्यविभागाचे संपादक झाले आणि त्यांनी या लेखनाला शिस्त लावली. परीक्षकाने आपले नाव सांगू नये, एकदाच न जाता अनेकदा जावे, बिल पत्राने भरावे, ही ती शिस्त. १९६३ पासून परीक्षणाला ताऱ्यांची जोड मिळाली. चार तारे म्हणजे सर्वोच्च. ग्रंथपरीक्षणात लेखकाची ओळख काढून टाकता येत नाही. येथे परीक्षकाची ओळखच काढून टाकली. पंक्तिप्रपंच पकडायचा, तर पाहुण्याने अनोळखी असणे भागच होते.

या मालिकेतील सर्वांत बोलके परीक्षण पीट वेल्स यांचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी ब्रुकलिनमधील 'पीटर लुगर' या अतिप्रसिद्ध स्टेकहाउसला एकही तारा दिला नाही. स्टेक म्हणजे गोमांसाचा भाजलेला जाड तुकडा. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी तो वर्ज्य आहे आणि आम्हीही तो चाखलेला नाही. तेव्हा चवीचा निवाडा आम्ही करणार नाही, परीक्षणाचा करू.

या घराचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण वेल्स यांच्या लेखाला धार येते ती त्या इतिहासामुळे. १८८७ मध्ये हे दुकान सुरू झाले, तेव्हा तेथे बिलियर्ड आणि बोलिंगचीही सोय होती. पीटर लुगर यांच्या मृत्यूनंतर त्याला उतरती कळा लागली आणि १९५० मध्ये लिलावात ते सोल फोरमन यांनी घेतले. फोरमन यांचा धातूच्या वस्तूंचा कारखाना समोरच होता आणि ते तेथले नित्याचे गिऱ्हाईक होते. मांसाची पारख त्यांच्या पत्नी मार्शा यांनी जाणकाराकडून मुद्दाम शिकून घेतली, आणि पुढे घराण्यातील स्त्रियांनी ती परंपरा चालवली. कमरेकडील मांसाचा हाडासकट काढलेला मोठा तुकडा थंड, हवा खेळत्या खोलीत काही आठवडे ठेवायचा, म्हणजे पाणी उडून स्वाद दाटतो आणि मांसातील विकरांमुळे तंतू सैल होतात. मग तो अतिशय कडक आचेखाली भाजून, कापून, लोण्यासह तापलेल्या थाळीत आणायचा, एवढाच त्या घराचा पसारा. पदार्थ मोजके, सजावट नाही, वेटर तोंडाचे फटकळ, क्रेडिट कार्ड घ्यायचे नाही. गिऱ्हाइकांनी या साऱ्याला त्या घराचा स्वभाव मानले आणि त्यावर प्रेम केले. २००७ मध्ये याच पत्राने त्या घराला दोन तारे दिले होते.

वेल्स यांनी केले ते असे, की स्वभाव म्हणून जे जे माफ होत आले, ते एकेक करून उजेडात धरले. आरक्षण असूनही थांबावे लागते. पेय एकाकडे मागायचे आणि पैसे दुसऱ्याकडे द्यायचे. वेटरांचा फटकळपणा पूर्वी गमतीचा वाटे. आता गिऱ्हाइकाची मागणी म्हणजे आपल्या विश्रांतीतला अडथळा, अशी त्यांची मुद्रा असते. बटाटे पूर्वी खरपूस येत. आता ते लिबलिबीत लागतात. मुख्य पदार्थाची वरची बाजू भाजलेली आणि खालची जेमतेम कच्चेपणाच्या पलीकडे गेलेली. मांस मऊ आहे, पण त्यात खोल चव नाही. आणि पैसे चुकते करून बाहेर पडताना आपण फसवले गेलो ही भावना काही केल्या जात नाही.

या लेखातील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे त्यातील युक्तिवाद. जुन्या भक्तांचे समर्थन ठरलेले असते: तेथे मासळी खायला कोण जाते, सॅलड खायला कोण जाते, आदरातिथ्यासाठी कोण जाते! वेल्स हे समर्थन खोडून काढत नाहीत. ते मान्य करून पुढे पुढे नेतात. वजा करण्याच्या गोष्टींची यादी वाढत जाते, आणि अखेरीस प्रश्न उरतो की मग तेथे कोणी का म्हणून जावे? नामांकित संस्थांच्या भक्तिभावाने केलेल्या समर्थनाची इतकी अचूक चिकित्सा आम्ही क्वचित वाचली आहे. शिवाय हा लेख तिऱ्हाइताचा नाही. ते बटाटे जेव्हा चांगले होते, तेव्हा आवडीने खाल्लेल्या माणसाचा तो आहे. लेखातला राग खरा वाटतो तो यामुळेच.

वेल्स यांच्याच दुसऱ्या एका प्रसिद्ध परीक्षणाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी टाइम्स स्क्वेअरमधील 'गायज अमेरिकन किचन' या प्रचंड भोजनगृहावर लिहिले. तो लेख आरंभापासून प्रश्नार्थक वाक्यांतच आहे. जगभर तो वाचला गेला आणि त्याची पुष्कळ वाहवा झाली. आमचे मत थोडे वेगळे आहे. प्रश्नांची सरबत्ती वाचताना हसू येते, पण चौथ्या-पाचव्या परिच्छेदानंतर लक्ष जेवणावरून उडून लेखकाच्या चातुर्यावर बसते. ज्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा धरली नव्हती त्याची ती खिल्ली आहे. लुगरवरील लेखात प्रतिष्ठा तपासली आहे, आणि समीक्षेचे खरे काम ते आहे.

पंक्तिप्रपंचाचा शुद्ध नमुना मात्र याही आधीचा, ऑक्टोबर १९९३ मधला आहे. रूथ राइकल यांनी 'ल सर्क' या चार ताऱ्यांच्या फ्रेंच भोजनगृहाची दोन रूपे एकाच लेखात शेजारी शेजारी मांडली. वेश पालटून, सामान्य बाई म्हणून गेल्या तेव्हा आरक्षण असूनही थांबावे लागले, मागच्या बाजूला धूम्रपान करणाऱ्यांच्या विभागात जागा मिळाली आणि हातातली मद्याची यादी दुसऱ्यासाठी काढून घेतली गेली. ओळखीची समीक्षक म्हणून गेल्या तेव्हा स्पेनचे राजे थांबलेले असताना यांचे टेबल तयार होते, आणि पानातल्या रास्पबेरीसुद्धा कितीतरी मोठ्या होत्या. त्यांनी एक तारा काढून घेतला. तुपाच्या धारेचा आणि या रास्पबेरींचा जातिधर्म एकच आहे. हे परीक्षण वाचल्यावर आमच्या मनात शंका उरली नाही की महागड्या जेवणातला अपेक्षाभंग चवीपुरता नसतो. बिल सगळ्यांना सारखेच येते, मान मात्र माणूस पाहून वाढला जातो, याचे ते दुःख असते.

या लेखनाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वेटर आळसावलेला आहे हे परीक्षक लिहितो; तो का आळसावला, हे सहसा लिहीत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी ते आपापल्या कायद्याने वाढवले. ज्याची मिळकत टिपेवर ठरते तो पाहुण्याची ऐपत डोळ्यांनी मोजणारच. म्हणजे पंक्तिप्रपंचाचे मूळ पुष्कळदा वाढप्याच्या मनात नसून मालकाच्या हिशेबात असते. आपल्याकडच्या लग्नकार्यांत कंत्राटावर आणलेल्या मुलांवर खेकसणाऱ्या यजमानांनीही हे ध्यानात घ्यावे.

दोष दाखवल्यावर घर कसे वागते, यावरूनही त्याची परीक्षा होते. जानेवारी २०१६ मध्ये वेल्स यांनी 'पर से' या भोजनगृहाचे चारांवरून दोन तारे केले. तेथे तेव्हा एका माणसाच्या जेवणाला ३२५ डॉलर पडत. मालक-आचारी टॉमस केलर यांनी थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकांना उद्देशून जाहीर पत्र लिहून क्षमा मागितली. लुगरने उलट सांगितले, की परीक्षक येतात आणि जातात, आम्ही कोण आहोत हे आम्हाला पुरते ठाऊक आहे. या उत्तरात एक प्रकारची ऐट आहे आणि ती काहींना आवडलीही. पण २०२२ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने २००५ पासून दिलेला ताराही काढून घेतला. घर अर्थातच चालू राहिले, २०२३ मध्ये लास व्हेगसला त्याची शाखाही निघाली. नाव चवीपेक्षा अधिक काळ टिकते, हेच त्यावरून दिसते.

आता हे सारे आमच्या वाचकांपुढे कशासाठी? आमच्याच शहरात एका ऐटदार भोजनगृहात अस्सल मराठी थाळी मिळते, असा बोलबाला आहे. दोन स्नेही कुटुंबांसह आम्ही तेथे गेलो. पितळी ताटे, फेटे बांधलेले वाढपी, भिंतीवर तलवारी. पुरणपोळी सकाळची, पुन्हा तापवून चिवट झालेली, कटाच्या आमटीला ना आंबटपणा ना मसाल्याचा वास, अळूवाडी कोमट. पाणी तीनदा मागावे लागले. शेजारच्या टेबलावर कोणी अधिकारी होते. तेथे व्यवस्थापक स्वतः ओणवे होऊन आग्रह करत होते. बिल पाहून आम्ही तक्रार करायला उठलो, तेव्हा बरोबरचे ज्येष्ठ स्नेही हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो, आपल्या माणसाने काढले आहे."

या वाक्याने आम्हाला त्या पुरणपोळीपेक्षा अधिक अस्वस्थ केले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या वाक्याची सवय आहे. परप्रांतात आपले म्हणून जे काही उरले आहे, ती खानावळ असो, मंगल कार्यालय असो वा मंडळाचे वाचनालय, त्याला बोल लावला तर ते उद्या उरणार नाही, अशी भीती त्यामागे असते. भीती खोटी नाही. जुन्या मराठी खानावळी एकामागून एक बंद झालेल्या आपण पाहिल्या आहेत. पण त्या समीक्षेमुळे बंद पडल्या असे आम्हाला दिसत नाही. वडीलधारी मंडळी निष्ठेने जात राहिली, तक्रार कोणी केली नाही, आणि मुले मात्र मुकाट्याने दुसरीकडे जेवू लागली. निष्ठा आणि मौन यांची सांगड घातली की संस्थेला आपली घसरण कळण्याचा मार्गच बंद होतो. उलट वडोदऱ्याची शेव-उसळ किंवा इंदूरचे पोहे पाहा. ज्यांना मराठीपणाचे सोयरसुतक नाही असे गिऱ्हाईकही त्या गाड्यांवर रोज येते, न आवडल्यास शेजारच्या गाडीवर जाते, आणि त्या रोजच्या परीक्षेत ते पदार्थ टिकून आहेत.

मराठीत पाकग्रंथांची वाण नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्रा'पासून कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'पर्यंत ती परंपरा समृद्ध आहे. खाण्याच्या आठवणींचे ललित लेखनही विपुल आणि रसाळ आहे. त्यात आईच्या हातची चव आहे, गेलेल्या दिवसांची हुरहुर आहे; पण आज, या गावात, इतके पैसे मोजून पानात काय पडले, हे सांगणारे लेखन आपण फारसे केले नाही. आठवणीत प्रत्येक पदार्थ चांगलाच होतो. समीक्षेला मात्र आजच्या पानावरचे लिहावे लागते.

म्हणून एक विनंती. आपापल्या गावातील एखाद्या मराठी खानावळीवर, थाळीवर किंवा मंगल कार्यालयातील जेवणावर वाचकांनी या पत्रिकेसाठी लिहावे. दोनदा तरी जाऊन, ओळख न सांगता, स्वतःच्या पैशाने जेवून लिहावे. चांगले असेल ते मोकळेपणाने वाखाणावे. वाईट असेल ते कारणासह सांगावे. वाढप्याला बोल लावण्यापूर्वी त्याच्या हाताखाली किती टेबले होती ते मोजावे. आणि आपल्याला जसे वाढले तसेच पलीकडच्या अनोळखी माणसालाही वाढले का, एवढे मात्र अवश्य पाहावे.