फुकट टूल, पण बिल कोणाच्या नावावर?

पालघर, बोईसरच्या कॉलेजांतून सायन्स करून संशोधनाकडे वळताय, तर एक सवय आत्ताच लावून घ्या. आपण ऑनलाइन टूल 'फुकटचं ते पौष्टिक' म्हणून उचलतो. ते फुकट असण्याला माझा आक्षेप नाही. त्याचे पैसे कोण भरतंय हे आपण विचारत नाही, याला आहे.

जॅमबोर्ड घ्या. लॉकडाऊनमध्ये अनेक शिक्षकांचा तोच फळा होता. गूगलने 2024 च्या अखेरीस तो बंद केला. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवणही गेली. आता अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी मोफत. ही फसवणूक नाही. कंपनीचा हिशेब बदलला, इतकंच. पण आपल्या नोट्स त्याच हिशेबावर उभ्या होत्या.

आता झोटेरो पाहा. संदर्भ सांभाळणारं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे आणि ना-नफा संस्था ते चालवते. ऑनलाइन साठवण 300 एमबीपर्यंत मोफत, 2 जीबीसाठी वर्षाला 20 डॉलर. पैसे नाही भरले तरी पीडीएफ तुमच्याच लॅपटॉपवर राहतात आणि संदर्भांची यादी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येते. इथे पैसे देणं मला पटतं, कारण आपण सोयीसाठी देतो, अडकलोय म्हणून नाही.

पण वर्गात वापरायच्या टूलचे पैसे कोणी द्यायचे? 'एवढ्याशा रकमेने काय होतं' हे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला सांगू नये. तारापूर एमआयडीसीतल्या क्यूसी लॅबमधला केमिस्ट एचपीएलसीचा कॉलम स्वतःच्या खिशातून आणत नाही. मग शिक्षकाने वर्गाचं साधन का आणावं? अडचण खरी आहे: कॉलेजची खरेदी कोटेशनवर चालते आणि ही टूल्स कार्डावर, डॉलरमध्ये विकली जातात. म्हणून शेवटी कार्ड शिक्षकाचंच निघतं. काचसामान आणि रसायनांच्या वार्षिक मागणीत सॉफ्टवेअरची एक ओळ असायलाच हवी.

थीसिससाठी कुठलंही टूल निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा. याचा खर्च कोण करतंय? उद्या बंद पडलं तर माझा डेटा कोणत्या फाइलमध्ये बाहेर येईल? आणि वर्गात ज्याला पैसे भरता येत नाहीत, त्याचं काय अडेल? तिसऱ्याचं उत्तर 'अभ्यास' असेल, तर ते टूल वर्गासाठी नाही.