धर्माचा दाखला, छळाची साक्ष

कायदा हेही एक लेखन असते. कविता वाचताना आपण विचारतो, येथे कोणाचे दुःख बोलले आणि कोणाचे गाळले गेले? हाच प्रश्न २०१९ च्या नागरिकत्व (सुधारणा) कायद्याला आणि ११ मार्च २०२४ च्या त्याच्या नियमांना विचारला पाहिजे.

पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना हा कायदा नागरिकत्वाची वाट देतो. छळ झालेल्याला आसरा मिळावा, याविषयी आपले दुमत नाही. देहूरोडहून लोकलचे तिसरे स्टेशन पिंपरी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. लहानपणी शाळेचे कपडे घ्यायला वडील मला त्या कॅम्पात नेत. म्हातारा दुकानदार सिंध सुटल्याच्या आठवणी सांगे. त्याचे दुःख खरे होते. पण कराचीचे रस्ते झाडणाऱ्यांचे काय झाले, हे त्या आठवणींत कधी आले नाही.

ते बाबासाहेबांनी सांगितले. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले. अस्पृश्यांची कामे अत्यावश्यक सेवा ठरवून पाकिस्तान सरकार त्यांना तेथून निघू देत नाही, हे त्यांनी मांडले. अलीकडे आलेल्या अस्पृश्य निर्वासितांपर्यंत मदत पोहोचत नाही, हेही मांडले. म्हणजे तिकडे धर्म आडवा आला, इकडे जात, आणि दोन्हीकडे झाडू हातातून सुटला नाही. छळ कसा तपासावा, याचा हा वस्तुपाठ होता.

आजचा कायदा असे काही विचारतच नाही. छळाची भाषा विधेयकाच्या उद्दिष्टांत आहे. कायद्याच्या कलमांत ‘छळ’ हा शब्दच नाही. नियमांना हवे आहेत मूळ देशाचा कागद, प्रवेशाच्या तारखेचा कागद आणि स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचा दाखला, की हा माणूस अमुक धर्माचा आहे व आजही त्याच धर्मात आहे. काय सोसले, याला रकाना नाही. पाकिस्तानच्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘हिंदू (जाती)’ निराळे आणि ‘अनुसूचित जाती’ निराळे मोजतात. तिथून आलेल्या मेघवाराने हिंदू असल्याचा दाखला कोणाकडे मागावा? ज्या प्रतिष्ठितांनी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्याकडेच?

आणि ज्यांच्या नावाने हे चालले आहे, त्यांना तरी न्याय मिळतो का? २५ मार्च २०२० रोजी काबूलच्या गुरुद्वारात २५ जण मारले गेले. त्यानंतर जीव घेऊन आलेला शीख २०१४ च्या तारखेबाहेर पडतो. श्रीलंकेचा तमिळ हिंदू असूनही यादीत नाही. ब्रिटनमधील न्यायाधिकरणाने २०१५ साली अफगाण शिखांच्या प्रकरणात केवळ धर्म पुरेसा मानला नाही. स्त्रीला घरात पुरुषाचा आधार आहे का, कुटुंबाची मिळकत किती, मुलांना शिकता येते का, हे पाहावे असे ठरवले. ही कसोटी कठोर आहे, पण ती माणसाकडे पाहते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही.

नागरिकत्व मिळाले म्हणजे सर्व मिळाले, असेही नाही. पूर्व बंगालमधून आलेले नमःशूद्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वसवले गेले. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्यांच्या जातीचे नाव नाही. त्यांची जात गावाने ओळखली, सरकारने नाही.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असे आमचे देहू सांगते. लावणारे परधर्मी नव्हते. स्वधर्मीयांनी केलेला छळ ज्या कसोटीला दिसत नाही, ती कसोटी अर्धी आंधळी आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला चोखोबासाठी उभारू घातलेल्या वास्तूत बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. ‘आजही त्याच धर्मात आहे’ असा दाखला त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी मागितला असता, तर त्यांनी काय दाखवले असते? पाठीवरचे वळ दाखवले असते. निर्वासिताला विचारायचा पहिला प्रश्न त्या वळांचा आहे. धर्माचा प्रश्न त्यानंतरचा.