शृंगधारी पात्रांचा देहधर्म

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या भूमिकाखेळात पात्राचा देह कितपत वास्तव मानावयाचा, या प्रश्नाची कसोटी शिंगांच्या ठायी लागते. ‘टीफलिंग’ ही आसुरी वंशाची जात १९९४ साली ‘प्लेनस्केप’मध्ये अवतरली, तेव्हा कोणास शिंगे, कोणास शेपूट, कोणास खूर, असे वैविध्य होते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने मोठी शिंगे साऱ्या जातीस दिली. वैचित्र्याचे कुललक्षण झाले. त्याचा दैनंदिन भार मात्र अनुक्तच राहिला.

२०१४ च्या नियमग्रंथात या जातीस अंधारात पाहण्याची शक्ती आहे, अग्नीपासून संरक्षण आहे; शिंगांचे वर्णन आहे, नियम नाही. उलट २०१८ च्या ‘रॅव्हनिका’ ग्रंथातील वृषमुखी मिनोटॉरच्या शिंगांना षट्फलकी फाशाचा आघात लाभतो. म्हणजे नियमांच्या लेखी शिंग हे शस्त्र तरी असते, नाही तर अलंकार. शिरस्त्राण कसे बसावे, सदरा डोक्यावरून कसा घालावा, कुशीवर निजावे कसे, हे सारे खेळाडूवर सोपविलेले आहे.

अशा अडचणींनी कथेचा ओघ खुंटतो, हा आक्षेप प्रत्येक दारापाशी फासा टाकणाऱ्यांपुरता खरा आहे. परंतु ठेंगण्या दारातून जाताना सवयीने मान कलती करणारे पात्र एका वाक्यात आपला सारा पूर्वेतिहास सांगून जाते. नियमांचे मौन येथे उणीव नसून अवकाश आहे. तो जो भरीत नाही, त्याचे पात्र शिंगे लावलेला मनुष्यच राहते.