पाकिटाचे परिमाण आणि देवनागरीचे वजन : एका गृहीतकाचे परीक्षण

संगणकांच्या जाळ्यातून मजकूर पाठवावयाचा झाल्यास तो अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक घातला जातो, आणि स्वतंत्रपणे रवाना झालेले हे तुकडे मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा जोडले जातात. या तुकड्याचे सर्वांत किफायतशीर परिमाण कोणते, या प्रश्नाची चर्चा सुमारे साठ वर्षे चालू आहे. आजवरची उत्तरे अभियंत्यांनी दिलेली आहेत, आणि ती देताना तुकड्याच्या पोटात काय आहे याची चौकशी करण्याचे त्यांना कारण पडले नाही. भाषेच्या अभ्यासकास ती चौकशी टाळता येणार नाही. मापाचे गणित भाषेविषयी तटस्थ असते, हे गृहीतक कितपत टिकते, एवढ्याच एका मुद्द्याचे परीक्षण येथे योजिले आहे.

तुकड्याला इंग्रजीत ‘पॅकेट’ हे नाव दिले ते ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डोनाल्ड डेव्हिस यांनी, १९६५–६६ च्या सुमारास. नाव पक्के करण्यापूर्वी त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि इतर भाषांतही या शब्दाला जवळचे प्रतिशब्द मिळू शकतात याची खात्री करून घेतली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. या सबंध विषयात भाषातज्ज्ञाला विचारण्यात आले ते जवळजवळ एवढेच एकदा, आणि तेही नावापुरते! मराठीत या अर्थी ‘पुडके’, ‘संपुट’ असे शब्द सुचविले जाऊ शकतात. परंतु इंग्रजीतूनच आलेला आणि लिफाफा या अर्थाने रुळलेला ‘पाकीट’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. पुडक्याला पत्ता असतोच असे नाही. टपालाच्या पाकिटावर तो असावाच लागतो, आणि या तुकड्याचे सारे वैशिष्ट्य त्या पत्त्यात आहे.

डेव्हिस यांनी पाकिटाची कमाल मर्यादा १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट, इतकी कल्पिली होती. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे मांडलेल्या ‘संदेशखंडा’चे मापही १०२४ बिटच होते. हा योगायोग मोठा सूचक असला, तरी दोघांनी मिळून एखादा नियम शोधून काढला असे त्यावरून म्हणता येणार नाही. दोनाचे घात यंत्राला सोयीचे असतात, एवढाच बोध त्यातून निघतो.

परिमाणाचे मूळ गणित साधे आहे. पाकीट लहान केले, तर प्रत्येक वेळी जोडावा लागणारा पत्त्याचा शीर्षभाग मजकुराच्या मानाने जड होतो. पाकीट मोठे केले, तर त्यातील एखादा बिट वाटेत बिघडण्याचा संभव वाढतो आणि एका बिटापायी सारे पाकीट पुन्हा पाठवावे लागते. या दोन नुकसानींचा मेळ जेथे बसतो ते सर्वोत्तम परिमाण. शीर्षभागाच्या बिटसंख्येला एका बिटाच्या चुकीच्या संभाव्यतेने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ घेतले, की मजकुराचे इष्ट माप स्थूलमानाने हाती येते. नेहमीचा ४० बाइटांचा शीर्षभाग धरला आणि दहा हजारांत एक बिट बिघडतो असे मानले, तर हे माप सुमारे २०४ बाइट निघते. लाखात एक धरल्यास सुमारे ६८७, आणि दहा लाखांत एक धरल्यास २२०० बाइटांहून किंचित अधिक. चुका दहापटीने घटल्या तरी पाकीट सुमारे तिपटीनेच वाढते, ही या सूत्राची खरी शिकवण. चुका परस्परांपासून स्वतंत्र असतात, ही त्याची अट मात्र बिनतारी मार्गावर पाळली जात नाही. म्हणूनच आयटन मोडियानो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत माप एकदाच ठरवून न टाकता, पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पाकिटांच्या अनुभवावरून ते वेळोवेळी बदलले जाते. या वाङ्मयातील हा विचार सर्वांत प्रगल्भ म्हणावा लागेल.

व्यवहारातील मापे मात्र सूत्रांनी क्वचितच ठरविली आहेत. एटीएम या पद्धतीतील ४८ बाइटांचा मजकूरभाग हे याचे ठळक उदाहरण. दूरध्वनीच्या आवाजात प्रतिध्वनी येऊ नये म्हणून युरोपीय पक्षाला ३२ बाइट हवे होते आणि अमेरिकी पक्षाला ६४. १९८८ च्या सुमारास दोहोंची सरासरी काढून वाद मिटविण्यात आला. ४८ ही संख्या कोणत्याही गणिताचे उत्तर नव्हते. ती तडजोड होती.

मुंबईलाही या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे एक मुख्य केंद्र होती. श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेतून त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेशी सेकंदाला ९६०० बिट वाहून नेणारी वाहिनी जोडली गेली. अशा वाहिनीवर १५०० बाइटांचे एक पाकीट सव्वा सेकंद वाट अडवून धरते. त्या काळी लहान पाकिटांचा आग्रह का होता, हे समजण्यास एवढा हिशेब पुरेसा आहे. त्या वाहिनीवरून देवनागरी मजकूर धावण्याचा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही, कारण तत्कालीन संगणकीय टपालाचे नियम सात बिटांच्या रोमन वर्णसंचासाठी आखलेले होते. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर रेल्वे स्थानकासमोर तिचे संकुल आहे, आणि खारघरच्याच परिसरात, पनवेल तालुक्यात, ओवे हे गाव आहे.

गृहीतकाची परीक्षा पाहण्यासाठी या गावच्या नावाचाच आधार घेता येईल. ‘ओवे’ या शब्दात उच्चाराच्या दृष्टीने दोन अक्षरे आहेत. युनिकोडच्या हिशेबाने ओ, व आणि एकाराची मात्रा अशी तीन चिन्हे. जाळ्यावर आज सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात त्यांना नऊ बाइट लागतात. तेच नाव रोमन लिपीत लिहिले, तर तीन बाइटांत भागते. आता उदाहरणादाखल एक सूचना घ्यावी : ‘ओवे येथील पाणीपुरवठा उद्या सकाळी बंद राहील. कृपया पुरेसे पाणी भरून ठेवावे.’ हिच्यात ३५ अक्षरे आहेत. मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून युनिकोडची चिन्हे ७४ होतात. हीच मराठी वाक्ये प्रचलित रोमन वळणाने लिहिल्यास ८४ चिन्हे लागतात. देवनागरी येथे अधिक आटोपशीर आहे, कारण व्यंजनातील अकार तिला वेगळा लिहावा लागत नाही.

परंतु ही सूचना भ्रमणध्वनीवरून लघुसंदेश म्हणून धाडली, की हिशेब पालटतो. लघुसंदेशाचे पाकीट १४० बाइटांचे, म्हणजे ११२० बिटांचे असते. रोमन चिन्हास सात बिट लागत असल्यामुळे त्यात १६० चिन्हे मावतात. देवनागरी चिन्हास सोळा बिट दिलेले असल्यामुळे केवळ ७०. परिणामी ८४ चिन्हांची रोमन सूचना एका पाकिटात जाते आणि वर ७६ चिन्हांची जागा शिल्लक राहते. ७४ चिन्हांची देवनागरी सूचना चार चिन्हांपायी दोन पाकिटांत विभागली जाते. तुकडे जोडण्याची खूण घालण्यासाठी सहा बाइट खर्ची पडत असल्याने प्रत्येक पाकिटात ६७ चिन्हेच उरतात. हजारो ग्राहकांना संदेश धाडणाऱ्या संस्थेला आकार पडतो तो पाकिटांच्या संख्येवर. तिने मराठीऐवजी इंग्रजी किंवा रोमन लिपीतील मराठी पत्करली, तर तिच्या भाषाप्रेमाविषयी शंका घेण्यापूर्वी हे कोष्टक पाहावयास हवे. शिवाय ख्रिस्तोफर केंट व जेफ्री मोगल यांनी १९८७ च्या निबंधात पाकिटांच्या विखंडनाविरुद्ध जो आक्षेप घेतला, त्यातील तर्क येथेही लागू पडतो : एक तुकडा हरवला, तर उरलेल्याचे मोल फारसे राहत नाही.

१६० हा आकडा आला कोठून? जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी १९८५ मध्ये बॉन येथे आपल्या टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये व प्रश्न लिहून त्यांतील चिन्हे मोजली. ती बहुधा १६० च्या आत बसली. पोस्टकार्डांवरील व टेलेक्सवरील मजकूरही याच बेताचा असतो, हे पाहून ही मर्यादा पुरेशी ठरविण्यात आली. या पद्धतीची थट्टा करण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची होय. परिमाणाच्या साऱ्या इतिहासात प्रत्यक्ष भाषा समोर ठेवून माप ठरविण्याचा असा प्रयत्न दुर्मीळ आहे, आणि सूत्रकारांपेक्षा या गृहस्थांनी योग्य प्रश्न विचारला. दोष नमुन्यात होता. तो युरोपीय भाषांचा व रोमन लिपीचा होता, आणि त्यातून निघालेले माप मात्र सर्व भाषांना लागू झाले. तारेचा हिशेब निराळा होता. तेथे आकार शब्दांवर पडत असे, आणि ‘पनवेलहून’, ‘गावापर्यंत’ असे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिणाऱ्या मराठीला ते माप प्रतिकूल नव्हते. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. मापाचे एकक बदलले की कोणती भाषा महाग पडते तेही बदलते, हे दाखविण्यापुरता तिचा उल्लेख पुरे.

आता दुसऱ्या बाजूच्या अतिशयोक्तीकडेही वळले पाहिजे. देवनागरी मजकूर जाळ्यावर ‘तिप्पट जड’ पडतो, असे विधान मराठीत वारंवार केले जाते. ते चिन्हापुरते खरे आहे, मजकुरापुरते नाही. वरील सूचना यूटीएफ-८ मध्ये १९६ बाइटांची होते, रोमन ८४ बाइटांची. हे गुणोत्तर तिप्पट नसून सव्वादोनपटीहून थोडे अधिक आहे. त्यात ४० बाइटांचा शीर्षभाग मिळविला, तर अनुक्रमे २३६ व १२४ बाइट होतात, आणि गुणोत्तर दुपटीच्याही खाली येते. ईथरनेटने १९८० पासून रूढ केलेल्या १५०० बाइटांच्या पाकिटात दोन्ही सूचना एकेकदाच जातात. मजकूर दीर्घ असेल, तर संकोचनाने बराच भार हलका होतो, कारण देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. तेव्हा तक्रार खरी ठरते ती जेथे पाकीट लहान, ठरीव आणि दर पाकिटामागे आकार असलेले आहे तेथे. अन्यत्र तिचा फारसा उपयोग नाही.

तथापि याच आकड्यांतून सूत्राचे एक व्यंग उघडे पडते, आणि ते अधिक गंभीर आहे. पाकिटाची कार्यक्षमता म्हणजे एकूण बाइटांत मजकुराचे प्रमाण, अशी या वाङ्मयातील व्याख्या आहे. तिच्या कसोटीवर रोमन पाकिटाची कार्यक्षमता सुमारे ६८ टक्के भरते आणि देवनागरी पाकिटाची ८३ टक्के. आशय एकच, वाक्ये तीच, वाहून नेलेला भार जवळजवळ दुप्पट. तरीही गुणपत्रिकेवर देवनागरी वरचढ! ‘उपयुक्त बिट’ या शब्दप्रयोगात जो मजकूर म्हणून गणला जाईल तो सारा उपयुक्तच, असे धरून चालले आहे. चिन्हागणिक पुनरुक्त होणारा पहिला बाइट पत्त्याइतकाच आशयशून्य असतो. पण तो शीर्षभागात नसून पोटात असल्यामुळे सूत्र त्याला मजकुराचा मान देते. पाकीट किती भरले हे सूत्राला मोजता येते. त्यातून किती सांगितले गेले, हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. भाषिक तटस्थतेचे गृहीतक खंडित होते ते येथे.

देवनागरीचे हे वजन लिपीच्या स्वभावातून आलेले नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतनात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट पुरत असे. त्या हिशेबाने ओवे गावची सूचना ७४ बाइटांत मावली असती आणि लघुसंदेशाच्या एका पाकिटात निम्मी जागा उरली असती. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवरच आधारलेली आहे. क्रम जवळजवळ तोच राहिला. चिन्हाला लागणारी जागा तेवढी वाढली. युनिकोडमुळे जगातील सर्व लिपी एका मजकुरात नांदू शकल्या, हा लाभ इतका मोठा आहे की ‘इस्की’कडे परतण्याचा विचार कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. पण त्या लाभाची किंमत सर्व लिपींना सारखी पडली नाही, हेही तितकेच खरे.

लघुसंदेशापुरता यावर एक तोडगा निघाला होता. २००९ च्या सुमारास भ्रमणध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकात काही भारतीय भाषांसाठी सात बिटांची स्वतंत्र कोष्टके घालण्यात आली. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू यांची नावे त्यांत आहेत. मराठीचे नाव नाही. हिंदीच्या नावाने दिलेल्या कोष्टकात मात्र ळ आणि ऱ ही चिन्हे आहेत, त्यामुळे मराठी मजकूर त्यात बिनदिक्कत बसू शकतो. कोष्टकाची खूण घालण्यासाठी चार बाइट वजा केल्यावर एका पाकिटात १५५ चिन्हे मावतात. ७० च्या तुलनेत ही मर्यादा दुपटीहून अधिक आहे. पण पाठविणाऱ्या यंत्रणेस व घेणाऱ्या हातयंत्रास दोघांनाही ते कोष्टक ठाऊक असावे लागते. एकास नसेल तर मजकुराचा गोंधळ उडतो. सोळा बिटांच्या पद्धतीत ती धास्ती नाही. हातयंत्रांवर भारतीय भाषा वाचता याव्यात असा दंडक घालणारे भारतीय मानक २०१६ मध्ये झाले, परंतु त्याचा भर मजकूर नीट दिसण्यावर व लिहिता येण्यावर होता. सात बिटांची कोष्टके भारतात रुळली नाहीत, आणि ओवे गावची ती ७४ चिन्हांची सूचना लघुसंदेशाने धाडल्यास दोन पाकिटांतूनच जाते.